युद्धकाळातल्या पोलीस अधिकाऱ्याचे बिल्ले, तारे आणि फिती कशा जपाव्यात

जुनी पेटी उघडली की पहिला हात फडक्याकडे जातो. तो तिथेच थांबवा. दुसऱ्या महायुद्धाच्या वर्षांत, म्हणजे १९३९ ते १९४५ या काळात, पोलिसात नोकरी केलेल्या माणसाच्या गणवेशावरचं काही तुमच्या घरात निघालं असेल (टोपीचा बिल्ला, खांद्यावरचे तारे, पट्ट्याचं बक्कल, मेडलच्या फितींची पट्टी), तर त्यावरचा काळेपणा, मागचे तुटलेले दोरे आणि वाकलेली कडी हा सगळा त्या वस्तूचाच भाग आहे.

मी एका छोट्या संग्रहालयात धातूच्या आणि कापडाच्या वस्तूंची नोंद आणि निगा सांभाळते. आमच्याकडे अशा वस्तू दोन प्रकारे येतात. काही लोक लख्ख घासून, लाल मखमलीवर चिकटवून, काचेच्या चौकटीत घालून आणतात. काही जण वर्तमानपत्राच्या तुकड्यात गुंडाळलेली पुरचुंडी जशीच्या तशी आणतात. पहिल्या वस्तू देखण्या असतात, पण त्यांच्याबद्दल मला फार थोडं सांगता येतं. पुरचुंडीतून मात्र माणूस उलगडत जातो. म्हणून घरी काय करावं आणि काय करू नये, हे इथे सविस्तर लिहिते आहे. मोठी प्रयोगशाळा नसलेल्या संग्रहालयांनाही यातलं बरंचसं उपयोगी पडेल.

आधी फोटो, मग हात

टेबलावर धुतलेली पांढरी चादर पसरा आणि पंखा बंद करा. पेटीत वस्तू ज्या क्रमाने ठेवल्या आहेत तसा फोटो घ्या, मगच एकेक बाहेर काढा. गुंडाळलेलं वर्तमानपत्र फेकू नका. त्यावर तारीख असते, आणि वस्तू शेवटची कधी बांधून ठेवली त्याचा तो पहिला पुरावा असतो. शिंप्याची पावती, पोस्टाचं पाकीट, टाचणीला टोचलेली चिठ्ठी, सगळं त्याच वस्तूबरोबर राहू द्या.

प्रत्येक वस्तूचा समोरून आणि मागून फोटो घ्या, बाजूला पट्टी ठेवून. मग खोलीत अंधार करून विजेरी अगदी आडवी धरा आणि पुन्हा फोटो घ्या. झिजलेली अक्षरं आणि कोरलेले आकडे तिरप्या उजेडात उठून दिसतात. हातात नायट्राइलचे (डॉक्टर वापरतात तसे पातळ रबरी) मोजे घाला. घामातल्या मिठाने धातूवर बोटांचे ठसे कायमचे उमटतात. सुती मोजे नकोत, त्यांचा धागा कलाबतूत (जरीच्या भरतकामात) अडकतो.

आणि त्याच दिवशी घरातल्या सर्वांत वडीलधाऱ्या माणसाला विचारा. आत्या असेल, चुलत आजी असेल. कोणत्या ठाण्यात होते, बदली कुठे झाली, घोडा होता की सायकल, घरी कोण येत असे. कोणी सांगितलं आणि कधी सांगितलं, हेही लिहून ठेवा. धातू आणखी शंभर वर्षं टिकेल, आत्याबाईंची आठवण तोवर थांबणार नाही.

मुकुट, अक्षरं आणि गाव

बिल्ल्यावर मुकुट असेल तर त्याच्या कमानी पाहा. वरच्या कमानी गोलाकार, घुमटासारख्या फुगलेल्या असतील तर तो १९०१ नंतरच्या राजांच्या काळातला नमुना. एडवर्ड सातवा, जॉर्ज पाचवा आणि जॉर्ज सहावा या तिघांच्याही काळात तोच चालला. मधोमध दबलेल्या कमानींचा मुकुट एकतर व्हिक्टोरिया राणीच्या काळातला असतो, नाहीतर एलिझाबेथ राणी गादीवर आल्यानंतरचा. तोवर भारत प्रजासत्ताक झाला होता आणि आपल्या पोलिसांच्या चिन्हांत मुकुटाच्या जागी अशोकस्तंभाचे सिंह आले होते. म्हणून कोणी दबलेल्या कमानींचा बिल्ला ‘महायुद्धातला भारतीय पोलिसाचा’ म्हणून विकत असेल तर तो घेऊ नका.

जी.आर.आय. अशी गुंफलेली अक्षरं दिसली तर ती ‘जॉर्ज, राजा आणि सम्राट’ या अर्थाच्या लॅटिन शब्दांची आद्याक्षरं आहेत. जॉर्ज सहावा डिसेंबर १९३६मध्ये गादीवर आला. हिंदुस्थानच्या सम्राटाचा किताब सोडल्याची घोषणा २२ जून १९४८ रोजी झाली, आणि २६ जानेवारी १९५०पर्यंत आपण अधिराज्य होतो, म्हणजे स्वतंत्र, पण राजप्रमुख ब्रिटिश राजाच. त्यामुळे निव्वळ मुकुट पाहून ‘हा युद्धातला’ असं म्हणता येत नाही. जॉर्ज सहाव्याच्या मुद्रेच्या बिल्ल्याचा प्रामाणिक काळ १९३७ ते १९५० इतका लांब निघतो. त्यातली नेमकी युद्धाची वर्षं धातू सांगत नाही, ती कागद सांगतात. कागदांकडे पुढे येते.

त्याआधी गाव. आजचा महाराष्ट्र तेव्हा एका सरकारखाली नव्हता. पुणे, सातारा, नाशिक, रत्नागिरी हे मुंबई प्रांतात. नागपूर, अमरावती मध्य प्रांत आणि वऱ्हाडात. मराठवाडा निजामाच्या राज्यात, तेही १७ सप्टेंबर १९४८पर्यंत. कोल्हापूर, सांगली, औंध, सावंतवाडी ही संस्थानं, त्यांचे पोलीस निराळे आणि चिन्हंही निराळी. गोव्यात १९ डिसेंबर १९६१पर्यंत पोर्तुगीज पोलीस. आजोबा ‘पोलिसात होते’ एवढ्यावर थांबू नका. कोणाच्या पोलिसात, हे आधी ठरवा. युद्धाच्या काळात हवाई हल्ल्यापासून बचावाची पथकं आणि सिव्हिक गार्डही होते. त्यांचे बिल्लेही घरात ‘पोलिसाचा बिल्ला’ म्हणूनच सांभाळलेले असतात. होमगार्डचा बिल्ला मात्र युद्धातला असू शकत नाही, कारण मुंबईत होमगार्डची स्थापना डिसेंबर १९४६ची आहे.

हुद्द्याबाबत एकच सांगते. आज खांद्यावर किती तारे म्हणजे कोण, हा तक्ता समोर ठेवून त्या काळच्या अधिकाऱ्याचा हुद्दा ठरवू नका. व्यवस्था बदलली, तारेही बदलले. हुद्दा सर्व्हिस शीटवरून, म्हणजे नोकरीच्या सरकारी नोंदीवरून लिहा. तोवर नोंदीत ‘पोलीस अधिकारी’ एवढंच लिहिलेलं बरं.

मागची बाजू

मला सर्वांत जास्त वेळ लागतो तो वस्तू उलटी केल्यावर.

आमच्या संग्रहात खांद्यावरची एक खाकी पट्टी आहे. सुती ड्रिलचं कापड, दुहेरी शिलाई, टोकाला पितळी बटणाचं काज. वर पाच टोकांचा तारा आहे, म्हणजे स्वातंत्र्यानंतरच्या नमुन्याचा. पण ताऱ्याच्या भोवती नीट पाहिलं तर कापडावर गडद खाकी रंगाचा एक चौकोनी, कोनावर उभा आकार दिसतो. उन्हाने बाकीची पट्टी विटून पिवळट पडली, तेवढीच जागा विटली नाही. तिथे कित्येक वर्षं दुसरा तारा होता, ब्रिटिश नमुन्याचा, चार बाजूंना किरणं फाकलेला. मागे पाहिलं तर भोकं दोनच आहेत. नवा तारा जुन्याच भोकांतून ओवला आहे. कडीत घातलेली दुमडपिन हाताने वाकवलेली, आणि भोकाच्या कडेला काळ्या दोऱ्याचे चार टाके, नक्कीच घरी घातलेले. माणूस एका राज्यात नोकरीला लागला आणि दुसऱ्या राज्यात निवृत्त झाला, हे त्या वीतभर कापडावर दिसतं.

देणाऱ्या कुटुंबाला वाटत होतं की वरचा नवा तारा काढून युद्धाच्या काळातला जुना तारा मिळवून लावावा, म्हणजे ‘खरी’ पट्टी दिसेल. आम्ही तो तसाच ठेवला. एखादी वस्तू एका वर्षाची करायला गेलात तर तिची बाकीची वर्षं जातात. तुमच्याकडेही बिल्ला कापडावर लावलेला असेल तर तो काढू नका. आधीच सुटा असेल तर पुन्हा लावू नका, शेजारी ठेवा.

धातूच्या मागे काय पाहायचं ते थोडक्यात. दोन कड्या आणि त्यातून जाणारी पिन आहे, की टोपीच्या पट्टीत खोचायची सरळ पट्टी, की मळसूत्र आणि चाकी. कोणाची छाप आहे का: बर्मिंगहॅमच्या जे. आर. गाँट अँड सन किंवा लंडनच्या फर्मिन अँड सन्स यांची नावं बटणांच्या आणि बिल्ल्यांच्या मागे बऱ्याचदा सापडतात. छाप नसली म्हणजे नकली असं नव्हे. इथे ओतीव कामात केलेल्या बिल्ल्यांची पाठ खडबडीत असते आणि कडेला कानशीचे ओरखडे दिसतात. नकली माल ओळखायचा तो झिजेवरून. रोज घासलेल्या बिल्ल्याचे उंचवटे झिजतात आणि खळगे धारदार राहतात. आम्लात बुडवून ‘जुना’ केलेला बिल्ला सगळीकडे सारखाच काळा असतो, त्याची अक्षरं उंचावरही बोथट आणि खोलातही बोथट.

आकडा असेल तर तो अगदी नीट टिपा. शिपाई-हवालदारांचा बक्कल नंबर हा त्या माणसापर्यंत पोचण्याचा सर्वांत जवळचा रस्ता असतो.

मेडलच्या फिती छातीवर असताना उजेडाने उडतात, म्हणून रंग मागून पाहा. गडद निळ्या फितीवर दोन्ही कडांना आणि मध्ये रुपेरी पट्टा असेल तर किंग्ज पोलीस मेडल. त्या रुपेरी पट्ट्यांत बारीक लाल रेघ असेल तर ते शौर्यासाठी दिलेलं, आणि १९३३ नंतरचं. मध्ये किरमिजी, बाजूला निळा आणि रुपेरी असेल तर इंडियन पोलीस मेडल, जे १९३२मध्ये सुरू झालं. मध्ये नारिंगी आणि कडांना हिरवा, त्या हिरव्यात बारीक काळी रेघ, असा डिफेन्स मेडलचा पट्टा असतो. फितींचा क्रम जसा शिवला आहे तसाच ठेवा, चुकीचा वाटला तरी.

चिंच, लिंबू, ब्रासो: यातलं काहीच नको

आपल्याकडे पितळेला कळंक चढला की चिंच लावायची, हे हातात भिनलेलं आहे. देवघरातल्या समईला ते चालतं, बिल्ल्याला चालत नाही. पितळ म्हणजे तांबं आणि जस्त. आम्ल लागलं की जस्त आधी निघून जातं आणि पृष्ठभागावर लालसर, तांब्याचे डाग उरतात. ते पुन्हा पितळेचे होत नाहीत. शिवाय चिंचेचा कोळ अक्षरांच्या खाचांत आणि कड्यांच्या मुळाशी राहतो आणि पुढच्या पावसाळ्यात तिथूनच खायला लागतो. राख, रांगोळी, तांब्या-पितळेची पावडर यांनी तर उंचवटे घासूनच जातात, आणि झीज हा तर आपला पुरावा.

ब्रासोसारख्या पॉलिशात अमोनिया असतो. अमोनिया आणि पितळ यांचं वैर कळलं ते आपल्याच देशातल्या पावसाळ्यामुळे. ब्रिटिश फौजेची काडतुसं इथे तबेल्यांत साठवलेली असत, आणि पावसाळ्यात त्यांच्या पितळी पुंगळ्यांना मानेपाशी आपोआप तडे जात. घोड्यांच्या मुतातून हवेत येणारा अमोनिया आणि पुंगळी बनवताना पितळेत राहिलेला ताण, या दोहोंचा तो परिणाम होता. त्याचा उलगडा १९२१मध्ये झाला. बिल्ल्याच्या मागच्या कड्याही अशाच वाकवून, ताण देऊन बसवलेल्या असतात, आणि तडा जातो तो तिथेच. म्हणून अमोनियाचं पॉलिश नको, आणि बिल्ल्यांचा डबा मोरीला लागून असलेल्या किंवा फिनेल-क्लीनर ठेवलेल्या कपाटात नको.

खाचांत जुन्या पॉलिशची पांढरी पूड घट्ट बसलेली दिसली तर तीही राहू द्या. परेडच्या आदल्या रात्री कोणीतरी हा बिल्ला घासत बसलेलं असे. ते त्या माणसाचं, किंवा त्याच्या बायकोचं काम होतं.

मग करायचं काय? चित्रकलेचा मऊ केसांचा ब्रश घ्या आणि सुटी धूळ हलक्या हाताने झटका. व्हॅक्युम क्लीनर असेल तर नळीच्या तोंडावर जाळीचं कापड बांधून ती जवळ धरा, म्हणजे धूळ परत बसणार नाही. धातू कापडापासून सुटा असेल तरच कापसाची काडी डिस्टिल्ड पाण्यात बुडवून, पिळून, एकदा फिरवा आणि लगेच कोरडी करा. कापडावर लावलेल्या धातूला पाणी लावू नका.

हिरव्या रंगाचे तीन प्रकार ओळखायला शिका. गुळगुळीत, गडद, घट्ट थर: तो वस्तूचं रक्षण करतो, तसाच राहू द्या. चामड्याच्या पट्ट्याला लागून आलेला मेणचट हिरवा: तांबं आणि चामड्यातली चरबी यांचा तो संयोग. तो बांबूच्या टोकदार काडीने अलगद उचलता येतो. आणि फिकट हिरवी, पिठासारखी पूड, जी झटकली तरी काही दिवसांत त्याच जागी परत येते. ही क्लोराइडमुळे होणारी धातूची व्याधी आहे, समुद्रकाठच्या गावांत फार दिसते. अशी वस्तू ताबडतोब वेगळ्या हवाबंद डब्यात, भरपूर सिलिका जेल घालून ठेवा आणि जाणकाराकडे न्या. मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वास्तु संग्रहालयाचं संवर्धन केंद्र आहे, लखनौला राष्ट्रीय प्रयोगशाळा आहे. तिथली माणसं बिल्ल्याच्या आकाराची वस्तूही मनापासून पाहतात.

वस्तू जळाल्यासारखी काळी असेल तर दुप्पट जपा. १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया डॉकमध्ये फोर्ट स्टिकीन हे दारूगोळ्याचं जहाज फुटलं, शेकडो माणसं गेली, त्यात ६६ अग्निशामक होते. त्या दिवशी बंदोबस्ताला गेलेल्या पोलिसांच्या घरून एखादा काळवंडलेला बिल्ला येऊ शकतो. ती काजळी पुसली तर उरेल ते दुकानात मिळणारं पितळ.

लाख, वार्निश, खोबरेल तेल, काहीही चोपडू नका. कलाबतूचं भरतकाम, म्हणजे टोपीच्या पट्टीवरचं जरीचं चिन्ह, काळं पडलं असलं तरी त्याला हात लावू नका. आत रेशीम किंवा सूत आणि वर तारेचा बारीक पिळा, एकदा उसवला की बसवता येत नाही.

कापड, कसर आणि खंडेनवमी

धुवू नका, इस्त्री करू नका. खाकी ड्रिलला कडक खळ असे. ती आता कसरीचं आणि झुरळांचं खाद्य आहे, पण ती काढण्याचं काम घरी होणारं नाही. लोकरी सर्जच्या कोटाला वेगळीच कीड लागते. बारीक भोकं, रेतीसारखी विष्ठा, रिकामे कोश दिसले तर वस्तू पॉलिथिनच्या पिशवीत घाला, हवा काढा, तोंड पक्कं बंद करा आणि डीप फ्रीझरमध्ये उणे १८-२० अंशांवर तीन आठवडे ठेवा. बाहेर काढल्यावर पूर्ण दिवस पिशवी उघडायची नाही, नाहीतर दव वस्तूवर जमतं. मीनाकाम असलेला बिल्ला फ्रीझरमध्ये जाता कामा नये, मीना तडकतो.

डांबराच्या गोळ्या टाकू नका. त्यांचा वास माणसालाही बरा नाही. कडुनिंबाचा पाला, वेखंड आपल्याकडे पूर्वापार वापरतात. वापरायचं असेल तर कपाटात, वेगळ्या पुरचुंडीत, वस्तूला न टेकता.

खंडेनवमीला घरातली हत्यारं आणि साधनं पुजायची रीत आहे, आणि पोलीस-फौजेच्या घरांत आजोबांचा बिल्लाही ताटात मांडतात. पूजा जरूर करा. फक्त हळद-कुंकू ताटाला किंवा फोटोला लावा, झेंडू बाजूला ठेवा. कुंकवाचा डाग फितीवरून निघत नाही.

आपल्या पावसाळ्यात कसं ठेवायचं

धातूला कोरडी हवा हवी, कापडाला मध्यम. दोन्ही एकत्र असतील तर सापेक्ष आर्द्रता ४५ ते ५० टक्क्यांच्या आसपास ठेवा आणि ती सारखी वरखाली होऊ देऊ नका. कोकणात पावसाळ्यात ती ८०च्या वर जाते, म्हणून उघडं शोकेस हे सर्वांत वाईट घर. झाकण घट्ट बसणारा पॉलिप्रॉपिलीनचा डबा घ्या, त्याच्या तळाशी त्रिकोणात ५ हा आकडा असतो. त्रिकोणात ३ असेल तर ते पीव्हीसी. ते घामेजतं आणि चिकटतं. डब्यात सिलिका जेल, केशरी दाण्यांचं. रंग बदलला की ओव्हनमध्ये वाळवून परत वापरता येतं. निळ्या दाण्यांत कोबाल्ट असतं, ते नको. छोटा आर्द्रतामापक आत ठेवा.

अस्तराला आम्लरहित टिश्यू. तो मिळाला नाही तर खळ पूर्ण निघेपर्यंत पुन्हा पुन्हा धुतलेला, नीळ न लावलेला मांजरपाट. खांद्याची पट्टी दुमडू नका, आत टिश्यूची हलकी सुरळी घाला. चांदीची वस्तू लोकरीबरोबर ठेवू नका, लोकरीतल्या गंधकाने चांदी काळी पडते. सागवानी पेटी, प्लायवूड, रबरबँड, सेलोटेप, मखमलीवर गोंद, हे सगळं आम्लाचं माहेर. मूळ पेटी जपा, पण वेगळी.

डबा उघडायचा तो जानेवारी-फेब्रुवारीतल्या कोरड्या दुपारी. मृग लागायच्या आत सिलिका बदलून बंद. मग दसऱ्याच्या सुमारास एकदा पाहा. प्रदर्शनात मांडायचं असेल तर फितींवर ५० लक्सपेक्षा (लक्स म्हणजे उजेड मोजायचं एकक) जास्त उजेड नको, आणि काही महिन्यांनी त्या विश्रांतीला आत गेल्या पाहिजेत.

नंबर आणि कागद

संग्रहालयात प्रत्येक वस्तूला नंबर पडतो: साल, त्या वर्षातली कितवी भेट, त्यातली कितवी वस्तू. कापडावर तो सुती फितीवर लिहून दोन टाक्यांनी अडकवतात. धातूवर आधी पॅरालॉइड बी-७२चा (संवर्धनात वापरतात त्या पारदर्शक राळेचा) पातळ थर, त्यावर शाईने बारीक नंबर, वर पुन्हा थर, तोही मागच्या बाजूला, म्हणजे ॲसिटोनने पुसता येतो. घरी हे करू नका, डब्यात चिठ्ठी पुरे.

कागदांसाठी मुंबईत एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतल्या महाराष्ट्र पुराभिलेखागारात जा. पुण्याला पेशवे दप्तर आहे, कोल्हापूर आणि नागपूरलाही शाखा आहेत. नेमणुका, बदल्या आणि बढत्या मुंबई सरकारच्या गॅझेटात छापल्या जात. मेडल मिळालं असेल तर नववर्षाच्या किंवा राजाच्या वाढदिवसाच्या सन्मानयादीत नाव शोधा. लंडन गॅझेटचे जुने अंक इंटरनेटवर फुकट पाहता येतात. वरच्या इंपीरियल सेवेतल्या अधिकाऱ्यांबद्दल इंडिया ऑफिसची दप्तरं ब्रिटिश लायब्ररीत आहेत. नावाचं इंग्रजी स्पेलिंग चार प्रकारांनी शोधा. आडनावांची तेव्हा फार ओढाताण होई.

कायद्याचा एक प्रश्न लोक हमखास विचारतात. पुरावस्तूंच्या १९७२च्या कायद्यात वस्तूला शंभर वर्षं पूर्ण व्हावी लागतात, त्यामुळे १९४०च्या दशकातला बिल्ला सध्या त्यात येत नाही.

संग्रहालयाला देणार असाल तर भेटपत्र लेखी करा. वस्तू कायमची दिली की काही वर्षांसाठी, फोटो छापायला हरकत आहे का, कुटुंबाचं नाव लावायचं की नाही, हे सगळं त्यात यावं. तोंडी बोलणं पुढच्या पिढीच्या कामाचं नसतं. वस्तूच्या यादीची सही केलेली एक प्रत स्वतःकडे ठेवा. ‘कायम मांडूच’ असं वचन कोणी देत असेल तर त्यापेक्षा ‘नीट सांभाळू’ म्हणणारं संग्रहालय निवडा.

पाटीवर काय लिहायचं

इथे सर्वांत जास्त काळजी लागते, आणि इथेच सर्वांत जास्त ओढाताण होते.

त्या वर्षांत याच गणवेशातल्या माणसांनी रस्त्यावरची गर्दी आवरली, डॉकच्या आगीत माणसं बाहेर काढली, आणि याच गणवेशातल्या माणसांनी गोळ्याही झाडल्या. ९ सप्टेंबर १९४२ रोजी नंदुरबारला शिरीषकुमार आणि त्याचे सोबती पोलिसांच्या गोळीबारात गेले. त्याच दिवशी साताऱ्यात वडूजच्या कचेरीवर निघालेल्या मोर्चावर गोळीबार झाला. वर्ध्याकडे आष्टीत १६ ऑगस्टला निदर्शकही मेले आणि पोलीसही मारले गेले. पुढे साताऱ्यात क्रांतिसिंह नाना पाटलांचं प्रतिसरकार उभं राहिलं, तेव्हा त्याच्या मागावर पोलीस होते. खांद्यावरची पट्टी हे सगळं जवळून पाहिलेली वस्तू आहे. तिच्यावर ‘शूर अधिकाऱ्याचं मानचिन्ह’ अशी पाटी लावणं मला मान्य नाही, आणि ‘गुलामीची खूण’ एवढीच पाटीही मान्य नाही. दोन्हीत तो माणूस कुठे दिसत नाही.

घरचे लोक पुष्कळदा सांगतात, ‘आजोबा आतून भूमिगतांना मदत करायचे.’ खरंही असेल, अशी माणसं होती. मी ते शब्दशः नोंदवते: कोणी सांगितलं, त्यांचं नातं काय, कधी सांगितलं. ते नोंदवहीत जातं. पाटीवर ते कागद मिळाल्यावरच जातं. आणि उलटही तितकंच खरं. ‘त्या वर्षी तिथे नोकरीला होते’ याचा अर्थ ‘त्यांनी गोळी झाडली’ असा होत नाही. नेमणूक आणि कृत्य यांत अंतर ठेवा. मारले गेलेल्यांच्या घरची माणसंही तुमच्या दालनात येतात, त्यांनाही ती पाटी वाचता आली पाहिजे. आमच्या तालुक्यांत दोन्ही घरं एकाच आळीत असतात, एकमेकांच्या लग्नाला जातात.

त्या खाकी पट्टीची पाटी आम्ही अशी लिहिली:

‘पोलीस अधिकाऱ्याच्या खांद्यावरची पट्टी. सुती ड्रिल, पितळ. मुंबई प्रांत, १९३७ ते १९५०. तारा स्वातंत्र्यानंतर बसवलेला. त्याखाली आधीच्या ब्रिटिश नमुन्याच्या ताऱ्याची खूण दिसते. हे अधिकारी १९४२मध्ये सातारा जिल्ह्यात नोकरीला होते. त्या वर्षी ‘छोडो भारत’ आंदोलनात जिल्ह्यातल्या मोर्चांवर पोलिसांनी गोळीबार केला. वडूज इथे ९ सप्टेंबरला आंदोलक हुतात्मा झाले. त्या दिवशी या अधिकाऱ्यांची नेमणूक कुठे होती याची नोंद मिळालेली नाही. कुटुंबाकडून भेट.’

छापण्याआधी हा मजकूर आम्ही कुटुंबाला वाचून दाखवला. ‘नोंद मिळालेली नाही’ या वाक्यावर त्यांनी बराच वेळ चर्चा केली आणि मग ते राहू द्या म्हणाले. तुम्हीही दाखवा, पण लिहिण्याचा अधिकार संग्रहालयाकडे ठेवा, तसं भेटपत्रातच नमूद करा. पाटीवर मोठा टाईप, उंची साडेचार फुटांच्या आत, म्हणजे शाळेतली मुलं आणि खुर्चीत बसलेली आजी दोघांनाही वाचता येईल. नवा कागद हाती आला की पाटी बदला, आणि जुनी पाटी तारीख घालून त्याच वस्तूच्या फायलीत लावा.